डिझेलच्या धुरावर धातूंची क्रिया : उत्प्रेरक, युरिया आणि काही शब्द

एका नावाखाली दोन भिन्न वस्तू वावरू लागल्या म्हणजे व्यवहारात घोटाळा होतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला नवी नाही. परंतु त्या घोटाळ्याची किंमत एखाद्या यंत्राला, आणि त्या यंत्राच्या मागे उभ्या असलेल्या माणसांच्या फुप्फुसांना मोजावी लागते तेव्हा तो केवळ कोशकाराचा प्रश्न राहत नाही. वाशीम जिल्ह्यात ‘युरिया’ हा शब्द आज दोन अर्थांनी चालतो. एक युरिया शेतकरी पिकाला देतो. दुसरा मालमोटारीच्या चालकाला डिझेलखेरीज एका वेगळ्या टाकीत भरावा लागतो. कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी या टप्प्यात खुला झाला, आणि या दुसऱ्या युरियाचा परिचय आपल्या भागातील पंपवाल्यांस व मिस्त्रींस अधिक निकट झाला. दोन्ही युरियांचा रेणू एकच आहे. तरीही एकाच्या जागी दुसरा चालत नाही. तो का चालत नाही, हे समजून घ्यावयाचे तर डिझेलच्या धुरावर धातू कोणती क्रिया करतात ते प्रथम पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय तोच आहे. शब्दांविषयी जे सांगावयाचे ते ओघात येईल.

प्रारंभ ‘उत्प्रेरक’ या शब्दापासूनच करू. स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस याने १८३५ च्या सुमारास या क्रियेला जे नाव दिले ते ग्रीक भाषेतील ‘सोडविणे, सैल करणे’ या अर्थाच्या धातूवरून घडविलेले आहे. आपण ते नाव भाषांतरित केले नाही. ‘गती देणे’ या अर्थाच्या ‘ईर्’ धातूला ‘उत्’ व ‘प्र’ हे उपसर्ग लावून स्वतंत्र शब्द घेतला. उपसर्गांच्या बळावर परिभाषा उभारण्याच्या रीतीचा डॉ. रघुवीर यांनी नागपुरात राहून हिरीरीने पुरस्कार केला होता, आणि वऱ्हाडातील जुन्या पिढीला त्या रीतीचे कौतुक व तिचा जाच दोन्ही ठाऊक आहेत. ‘उत्प्रेरक’ हा त्या रीतीच्या शब्दांपैकी टिकलेला शब्द होय. मात्र तो एका बाबतीत दिशाभूल करतो. उत्प्रेरक मागून ढकलतो, जोर लावतो, असे त्यातून ध्वनित होते. वस्तुतः तो जोर मुळीच लावीत नाही. डोंगराच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूस जावयाचे असता शिखरावरून जाण्याऐवजी एखादी खिंड दाखवून द्यावी, तसे त्याचे काम आहे. प्रवास कोठून सुरू होतो आणि कोठे संपतो हे तो बदलीत नाही. मधली चढण मात्र कमी करतो. जी विक्रिया मुळात उताराची नाही ती उत्प्रेरकाने घडत नाही. या दृष्टीने पाहता बर्झेलियसचा ‘सोडविणारा’ हा शब्द अधिक नेमका होता असे मला वाटते. कारण उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर जे घडते ते बहुतांशी रेणूतील बंध सैल होण्याचेच असते.

हे कार्य प्लॅटिनमकडून होते ही गोष्ट नवी नाही. हंफ्री डेव्ही याने १८१७ मध्ये ज्वालाग्राही वायू व हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची तार धरली असता ती ज्वालेवाचून तापून लाल राहते हे पाहिले. १८२३ मध्ये डोबरायनर याने प्लॅटिनमच्या स्पंजावर हायड्रोजनचा झोत सोडून तो पेटविला. आज वाहनाच्या पोटाखाली जे चालते त्याचे हे पूर्वज होत.

आता डिझेल इंजिनाकडे वळू. पेट्रोलच्या इंजिनात इंधन व हवा यांचे प्रमाण मोजून ठेवता येते. वजनाने १ भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा दिली म्हणजे ज्वलनानंतर प्राणवायू उरत नाही व इंधनही उरत नाही. या काटेकोर प्रमाणावर पेट्रोल गाडीतील तिहेरी उत्प्रेरक अवलंबून असतो : त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम हे धातू एकाच वेळी कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले इंधन यांना जाळतात आणि नत्राच्या ऑक्साइडांतील प्राणवायू काढून घेतात. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना १ एप्रिल १९९५ पासून अशी पेटी बसविणे सक्तीचे झाले. डिझेलला हा उपाय लागू पडत नाही. डिझेल इंजिनात हवा आधी दाबून तापविली जाते, तीत इंधनाचा फवारा सोडला जातो आणि तो दाबाच्या उष्णतेनेच पेटतो. हवा नेहमीच गरजेपेक्षा अधिक असते. म्हणूनच हे इंजिन काटकसरी आहे, आणि म्हणूनच त्याच्या धुरात प्राणवायू भरपूर उरतो. जेथे प्राणवायू सर्वत्र आहे तेथे नत्राच्या ऑक्साइडांमधून प्राणवायू काढून घेण्यास कोणी तयार होत नाही. जाळावयाच्या वस्तूंना तो फुकट मिळत असतो. वाहत्या नदीकाठी पाणी विकण्यासारखेच ते आहे.

याखेरीज आणखी एक पेच आहे. फवाऱ्याच्या गाभ्यात इंधन दाट असते, तेथे ते अर्धवट जळून काजळी होते. फवाऱ्याच्या कडेस ज्वाला अतिशय तप्त असते. सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या वर हवेतील नत्र व प्राणवायू यांचा संयोग होऊन नत्राची ऑक्साइडे बनतात. ज्वाला थंड ठेवली तर ऑक्साइडे घटतात पण काजळी वाढते; ज्वाला तापविली तर काजळी घटते पण ऑक्साइडे वाढतात. अभियंत्यांनी इंजिनाच्या आत या पेचातून सुटण्याचे पुष्कळ मार्ग शोधले, तथापि पूर्ण सुटका झाली नाही. म्हणून धूर इंजिनातून बाहेर पडल्यावर त्यावर संस्कार करणे भाग पडले. हा खटाटोप कशासाठी, हे एका वाक्यात सांगता येईल : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना मनुष्यात कर्करोग निश्चितपणे उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात केली.

आजच्या जड मालमोटारीत धूर साधारणपणे तीन दालनांतून जातो. पहिले दालन जाळणाऱ्या उत्प्रेरकाचे. मधाच्या पोळ्यासारख्या, शेकडो सरळ छिद्रे असलेल्या चिनी मातीसारख्या ठोकळ्यावर ॲल्युमिनाचा थर दिलेला असतो. हा थर इतका सच्छिद्र असतो की त्याच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ शंभर चौरस मीटरच्या घरात जाते. त्यावर प्लॅटिनम व पॅलेडियम यांचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. संपूर्ण पेटीत या धातूंचे वजन केवळ काही ग्रॅम भरते, पण कण इतके बारीक असतात की त्यांचे बहुतेक अणू पृष्ठभागावर, म्हणजे कामावर, असतात. प्राणवायूचा रेणू धातूवर येऊन दोन अणूंत दुभंगतो, शेजारी कार्बन मोनॉक्साइडचा रेणू चिकटतो, दोघे मिळून कार्बन डायऑक्साइड होतो व उडून जातो. जागा रिकामी होते आणि पुढच्या जोडीस मिळते. पृष्ठभागावरील या घडामोडी पायरीपायरीने उलगडून दाखविल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड एर्टल यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. धूर थंड असता कार्बन मोनॉक्साइड धातूला इतका घट्ट चिकटून बसतो की प्राणवायूस बसावयास जागाच उरत नाही. सुमारे २०० अंशांपर्यंत तापमान गेले म्हणजे तो सुटू लागतो व विक्रिया एकदम वेग घेते. पहाटे नुकत्याच सुरू केलेल्या गाडीचा धूर डोळ्यांना झोंबतो त्याचे एक कारण हे.

याच दालनात नत्राच्या मोनॉक्साइडाचा काही भाग डायऑक्साइड बनतो. तो स्वतः अधिक विषारी असला तरी पुढच्या दालनांना हवा असतो. मात्र धुरात गंधकाची ऑक्साइडे असली तर तीही येथे अधिक जळतात आणि सल्फेटाचे कण होऊन बाहेर पडतात. शिवाय गंधक धातूच्या जागा अडवून बसतो. रसायनशास्त्रात यास उत्प्रेरकाची ‘विषबाधा’ म्हणतात, आणि हा शब्द मला चपखल वाटतो, कारण येथेही अल्प मात्रेने मोठी हानी होते. तात्पर्य, गंधकयुक्त इंधनासमोर ही सारी व्यवस्था निरुपयोगी ठरते. आपल्या देशात १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग, गंधक चालत असे. भारत स्टेज ३ मध्ये ही मर्यादा ३५० भागांवर आली, १ एप्रिल २०१७ पासून देशभर ५० वर, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ नुसार १० वर. पाचवा टप्पा ओलांडून चौथ्यावरून थेट सहाव्यावर उडी घेण्यात आली. डिझेलच्या धुरावरील उत्प्रेरकांचा इतिहास आपल्याकडे तेलशुद्धीकरण कारखान्यांत सुरू होतो, मोटारीच्या कारखान्यात नव्हे, असे म्हणावयास हरकत नाही. कारंज्यावरून यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणाऱ्या शकुंतला गाडीचे १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन एप्रिल १९९४ मध्ये काढून तेथे डिझेल इंजिन जोडले गेले, तेव्हा त्या भागातील लोकांना कोळशाच्या धुरातून सुटल्यासारखे वाटले असेल; पण त्या काळच्या डिझेलवर कोणताही उत्प्रेरक टिकला नसता.

दुसरे दालन काजळीच्या गाळणीचे. येथे पोळ्याची छिद्रे एकाआड एक टोकाला बुजविलेली असतात, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावे लागते. वजनाने नव्वद टक्क्यांहून अधिक काजळी अलीकडे अडते. अडलेली काजळी जाळावी लागते, नाहीतर गाळणी तुंबते. नुसत्या प्राणवायूत काजळी पेटावयास ६०० अंशांच्या आसपास उष्णता हवी, आणि डिझेलचा धूर सहसा इतका तापत नाही. परंतु पहिल्या दालनात बनलेला नत्राचा डायऑक्साइड तीच काजळी सुमारे २५० ते ३०० अंशांवर जाळतो. महामार्गावर भरल्या मालानिशी तासन्‌तास चालणाऱ्या गाडीत हे आपोआप होत राहते. गावातल्या गावात थांबतथांबत फिरणाऱ्या गाडीत ते होत नाही; तिला अधूनमधून जास्त इंधन सोडून गाळणी मुद्दाम तापवावी लागते, त्याची सूचना चालकाला दिव्याने मिळते, आणि ती सूचना पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. तुंबलेली गाळणी गॅरेजमध्ये ‘जाळी’ या नावाने संबोधली जाते. जाळी म्हटले की ती काढून झटकता येते, किंवा काढून टाकताही येते, असा समज सहज होतो. शब्दाने केलेले हे नुकसान म्हणावे लागेल.

तिसरे दालन या विषयाचा गाभा आहे. प्राणवायूच्या गर्दीत नत्राच्या ऑक्साइडांना निवडून गाठणारा कोणी तरी हवा होता, आणि तो अमोनिया ठरला. योग्य उत्प्रेरकावर अमोनिया प्राणवायूशी न जळता नत्राच्या ऑक्साइडांशी संयोग पावतो आणि दोहोंचे मिळून निरुपद्रवी नत्रवायू व पाणी होते. ‘निवडक’ हे विशेषण या क्रियेला याकरिताच लावतात. धुरात मोनॉक्साइड व डायऑक्साइड समप्रमाणात असतील तर विक्रिया विशेष जलद होते. पहिल्या दालनाचा येथे पुन्हा उपयोग होतो. अमोनिया गाडीत बाळगणे धोक्याचे, म्हणून त्याऐवजी युरियाचे द्रावण बाळगतात. तप्त धुरात फवारले की युरियाचा एक रेणू पाण्याच्या साह्याने अमोनियाचे दोन रेणू देतो. या द्रावणात वजनाने ३२.५ टक्के युरिया असतो. हे प्रमाण अशासाठी, की याच प्रमाणात ते सर्वांत कमी तापमानाला, उणे ११ अंशांना, गोठते. डिझेलच्या मानाने ते शेकडा ३ ते ६ इतके लागते. जड वाहनांच्या नत्र-ऑक्साइडांची मर्यादा भारत स्टेज ४ मध्ये दर किलोवॅट-तासास ३.५ ग्रॅम होती. ती सहाव्या टप्प्यात ०.४ च्या घरात आली. एवढी घट या दालनाविना साधणे दुरापास्त होते.

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. शेतातील युरिया पाण्यात विरघळवून या टाकीत का घालू नये? दिसावयास दोन्ही पांढरे, आणि अनुदानामुळे खताची गोणी कितीतरी स्वस्त. पण खताच्या युरियात बाययुरेट नावाचे सहद्रव्य १.५ टक्क्यापर्यंत चालते. गाडीच्या द्रावणात त्याची मर्यादा ०.३ टक्के आहे. २०१५ पासून देशात बनणारा खताचा युरिया कडुनिंबाच्या तेलाने लेपलेला असतो. जमिनीत नत्र हळूहळू सुटावे व खताची पळवापळवी थांबावी हा त्यामागील हेतू. ते तेल फवाऱ्याच्या सूक्ष्म तोंडाशी जळून बसते. साध्या विहिरीच्या पाण्यातील कॅल्शियम, सोडियम व लोह यांची गोष्ट याहून गंभीर आहे. गाडीच्या द्रावणात यांपैकी प्रत्येकाची मर्यादा किलोग्रॅममागे अर्धा मिलिग्रॅम आहे. बेसॉल्टच्या खडकातून उपसलेल्या आपल्याकडील कठीण पाण्यात त्याच्या कैक पट क्षार असतात. सोडियम व पोटॅशियम उत्प्रेरकाच्या आम्लधर्मी जागांवर, जेथे अमोनिया बसावयाचा, तेथेच ठाण मांडतात, आणि ही विषबाधा धुऊन जात नाही. एका गोणीच्या बचतीत हजारो रुपयांचे दालन गमावले जाते. त्या गाडीच्या मागून नत्राची ऑक्साइडे जवळजवळ पूर्ववत बाहेर पडू लागतात. आणि डोळ्यांना ती दिसत नसल्याने रस्त्यावरील कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही. अनुदानित खत शेतकऱ्याच्या वाट्यातून जाते ते वेगळेच.

आपल्या हवामानाची एक अडचण यात मिळते. युरोपात या द्रावणाची चिंता गोठण्याची. आपली चिंता तापण्याची. सुमारे २५ अंशांत ते दीड वर्ष टिकते, ३५ अंशांत सहाएक महिने. वाशीमच्या वैशाखात पारा ४० च्या पुढे जातो. दुकानाबाहेर उन्हात रचून ठेवलेल्या कॅनमधील युरिया हळूहळू विघटित होऊन अमोनिया देतो, द्रावण अशक्त होते, आणि गाडीचा संवेदक तक्रार करतो. मग दोष गाडीला दिला जातो. ‘सावलीत ठेवावे’ ही दोन शब्दांची मराठी सूचना प्रत्येक कॅनवर ठळकपणे असावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

या दालनातील उत्प्रेरक म्हणून पूर्वी टिटॅनियम डायऑक्साइडावर व्हॅनेडियम व टंगस्टन यांची ऑक्साइडे वापरीत, व अद्यापही वापरतात. व्हॅनेडियम स्वस्त आहे आणि गंधकाला फारसे भीत नाही. पण ६०० अंशांच्या पुढे ते टिकत नाही, आणि गाळणी जाळताना तेवढी उष्णता शेजारच्या दालनात येऊ शकते. म्हणून तांबे किंवा लोह धारण करणारी झिओलाइटे पुढे आली. झिओलाइट म्हणजे ‘उकळणारा दगड’. १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजज्ञाने तापविल्यावर फेसाळणाऱ्या एका खनिजाला हे नाव दिले. सिलिका व ॲल्युमिना यांच्या सांगाड्यात रेणूच्या मापाची दालने असलेली ही खनिजे होत. आज डिझेल वाहनांत अधिक चालणारे तांब्याचे झिओलाइट ज्या रचनेचे आहे तिला चॅबाझाइटची रचना म्हणतात. हे मुद्दाम नमूद करण्याचे कारण असे की, ज्या दख्खनच्या काळ्या खडकाच्या थरांवर वाशीम जिल्हा वसला आहे, ते थर पोकळ्यांतील झिओलाइटांसाठी जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत, आणि त्यांत चॅबाझाइटही आढळते. गाडीतील झिओलाइट अर्थातच कारखान्यात घडविलेले, सिलिकेने अधिक समृद्ध असे असते. खडकातून खणलेले चॅबाझाइट त्या उष्णतेत व वाफेत कोसळेल. परंतु सांगाडा तोच. त्याच्या खिडक्या इतक्या अरुंद आहेत की अमोनिया व नत्राचे ऑक्साइड आत शिरतात, इंधनाचे मोठे रेणू बाहेर राहतात. सांगाड्यातून निसटलेले ॲल्युमिनियमही त्या खिडक्यांतून सहज बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे रचना टिकून राहते, असे मानले जाते.

या साऱ्या व्यवस्थेबाहेर राहिलेल्या इंजिनांचा उल्लेख केल्यावाचून आपल्या जिल्ह्याचे चित्र खरे होणार नाही. सोयाबीन व तुरीच्या या मुलखात धूर रस्त्यावर होतो तितकाच शेतात व खळ्यावर होतो. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून कडक निकष लागू झाले. परंतु आपल्याकडील बहुसंख्य ट्रॅक्टर त्याहून लहान आहेत, आणि मळणीयंत्र चालविणाऱ्या ट्रॅक्टरच्या शेजारी कणसे टाकणारी माणसे दिवसभर धुराच्या झोतापासून काही हातांवर उभी असतात. अशा इंजिनाला तिन्ही दालने जोडणे म्हणजे घोड्यापेक्षा खोगीर महाग करणे होय. म्हणून प्लॅटिनमवाचून काजळी जाळणाऱ्या स्वस्त द्रव्यांचा शोध आपल्याला विशेष महत्त्वाचा. सिरियमचे ऑक्साइड प्राणवायू साठवून ठेवते व गरजेच्या वेळी काजळीला देते. लँथॅनमसारखे धातू असलेली पेरोव्स्काइट जातीची मिश्र ऑक्साइडे याच कामी उपयोगी पडतात, आणि नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नीरी’त, या द्रव्यांवर बरीच वर्षे काम झाले आहे. यांत खरी अडचण स्पर्शाची असते : वायू उत्प्रेरकाच्या छिद्रात शिरतो, काजळीचा कण मात्र घन असल्यामुळे बाहेरच टेकून राहतो. प्रयोगशाळेत खलात घोटून मिसळलेली काजळी ज्या तापमानाला जळते, त्याहून कितीतरी वरच्या तापमानाला ती प्रत्यक्ष गाळणीवर जळते. या विषयावरील निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्याने स्पर्श ‘घट्ट’ होता की ‘सैल’, हे आधी पाहावे व मग आकड्यांवर विश्वास ठेवावा.

राहता राहिला शब्दांचा प्रश्न. गाडीच्या द्रावणाला इंग्रजीत जे नाव आहे त्यात युरिया हा शब्दच नाही. ते नाव ‘डिझेलच्या धुराचा द्रव’ एवढेच सांगते. आपल्याकडे लोकांनी त्यातील घटक ओळखून त्याला युरिया म्हटले, आणि तसे म्हणण्यात ते चुकले नाहीत. नाव खरे आहे, पण अपुरे आहे. परिभाषा समितीने एखादा जड सामासिक शब्द दिल्यास तो पंपावर कोणी उच्चारणार नाही. ‘धूरपाणी’ असा शब्द मला सुचतो. तो व्याकरणदृष्ट्या साधा आहे, खताशी त्याचा संबंध तोडतो, आणि पाणी म्हटल्याने ‘किती शुद्ध?’ हा प्रश्न आपोआप विचारला जातो. शेलूबाजार किंवा मालेगाव येथील मिस्त्रींनी याहून बरा शब्द आधीच घडविला असेल, तर तो टिपून घेणे हे विभागातील विद्यार्थ्यांचे पुढील सत्रातील क्षेत्रकार्य होऊ शकेल.